अकराच्या आत आलास तर बंडल मिळेल

भाच्याने धरमपेठेत वेबसाइट आणि सोशल मीडियाची कामं करणारं छोटंसं ऑफिस टाकलंय. परवा रविवारी जेवायला आला तेव्हा ताटावर बसल्या बसल्या विचारलं, मावशी, पोरं पगारावर घेऊ की फ्रीलान्सरच ठेवू, सगळे म्हणून राहिले की फ्रीलान्सर स्वस्त पडतात, पीएफ नाही, सुट्टी नाही, काम नसलं की पैसे द्यायचे नाहीत. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकली नाही. तवा गॅसवर होता आणि हा विषय दोन पोळ्यांच्या मधात सांगण्यासारखा नाही. रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं लिहूनच काढावं, त्यालाही कामात येईल आणि नागपुरात माझ्यासारखे छोटे धंदे करणारे जे कोणी वाचतील त्यांनाही.

माझा धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा. २०१३ ला मानेवाड्याला घरातच दोन मशीन टाकून सुरू केला, मग गाळा भाड्याने घेतला. कापड इतवारी-गांधीबागेतून येतं, कटिंग आमच्याकडे, शिलाई आमच्याकडे, काज-बटन बाहेर, बॅजची एम्ब्रॉयडरी बाहेर. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी, म्हणून आमचा सीझन मार्चपासून जुलैपर्यंत चालतो आणि त्यातला मे-जून म्हणजे जीव काढणारा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बारा मशीन, दोन कूलर. ऑगस्टनंतर हॉस्पिटलचे ड्रेस, थोडेफार ऑफिसचे शर्ट, बाकी शांत. असा धंदा असला की पहिल्याच वर्षी कोणीतरी सांगतंच की ताई, कारागीर पगारावर ठेवायचेच नाहीत, नगावर ठेवायचे. मीही तेच केलं. २०१९ पर्यंत माझ्याकडे तिघं पगारावर होते, कटिंग मास्टर, ओव्हरलॉकवाल्या ताई आणि हिशोबाचा मुलगा. शिलाईचे अकरा जण ठेक्यावर, शर्टाला इतके, हाफ पँटला इतके, ट्युनिकला इतके, शनिवारी हिशोब.

२०१९ च्या जूनमध्ये अकरा की बारा तारखेला माझा सगळ्यात हाताचा पक्का कारागीर आला नाही. फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की दुसऱ्या एका युनिटने शर्टामागे दोन रुपये जास्त दिले म्हणून तिकडे बसला, आणि त्याच्यासोबत आणखी दोघं गेले. माझ्याकडे एका शाळेचे सहाशे शर्ट कापून पडलेले, शाळा उघडायला दोन आठवडे, आणि त्याच्याकडे माझी वीस हजारांची उचल. मी त्याच्या घरी गेली. खूप बोलली त्याला. विश्वासघात वगैरे शब्द वापरले. तो शांत उभा होता, म्हणाला, ताई, तुम्हीच म्हनता नं तू ठेकेदार आहेस, मंग ठेकेदाराले जिथं भाव भेटन तिथं तो जाईन नं. उचल फेडतो म्हणाला, आणि दिवाळीपर्यंत फेडलीही.

मला त्या दिवशी राग आला होता, पण आज लिहिताना सांगते, तो बरोबर होता. मला दोन्ही पाहिजे होतं. काम नसताना तो ठेकेदार पाहिजे, म्हणजे मला एक रुपया द्यावा लागू नये. आणि काम असताना तो माझा माणूस पाहिजे, म्हणजे मी बोलावलं की आला पाहिजे, दुसरीकडे गेला नाही पाहिजे, रविवारी बसला पाहिजे. आणि उचल हे मी उपकार म्हणून देत होती असं समजायची, पण खरं तर ती दोरी होती, सीझनच्या आधी वीस हजार दिले की माणूस जूनमध्ये हलत नाही हा त्यामागचा हिशोब. आमच्या लाइनमध्ये सगळेच तसं करतात. म्हणून ते बरोबर होत नाही.

आणखी एक गोष्ट मी करायची. मे महिन्यात बारा ते चार मशीनवर बसणं अशक्य होतं, म्हणून मी नियम केला होता की सकाळी सातला शटर उघडेल, आणि अकराच्या आत आलास तर बंडल, म्हणजे शिवायच्या कापलेल्या कपड्यांचा गठ्ठा, मिळेल, अकरानंतर आलास तर त्या दिवशी बंडल नाही. नियम कामाच्या दृष्टीने चांगलाच होता, कारण बंडल एकदा वाटले की कोणता लॉट कोणाकडे आहे ते कळतं, आणि दुपारी आलेला माणूस अर्धवट लॉट ठेवून गेला तर साइजची गडबड होते. मशीन माझी, धागा माझा, लाइट माझी, सुई तुटली तर सुई माझी, शिलाई वाकडी आली तर उसवून परत करायला लावणार मी. आणि वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलेलं, ठेकेदार.

मग २०२० आलं. मार्चमध्ये कटिंग पूर्ण झालेलं, बंडल बांधून तयार, आणि सगळं बंद. २९ मार्चला केंद्राचा आदेश निघाला होता की लॉकडाऊनच्या काळात कामगारांचे पगार कापू नका, नंतर मे महिन्यात तो मागेही घेतला गेला. माझ्या तिघा पगारवाल्यांना मी एप्रिल पूर्ण दिला, मे-जून अर्धा दिला, त्यासाठी एफडी मोडली. पण शिलाईच्या लोकांचं काय, त्यांचा तर पगारच नव्हता, मग कापायचा काय आणि द्यायचा काय. कायद्याच्या भाषेत मी कोणाचंच काही कापलं नाही. पाचपावलीकडे राहणारा एक कारागीर, वयस्क माणूस, सहा वर्षं माझ्याकडे शिवत होता, तो एप्रिलमध्ये पोलिसांना चुकवत चालत आला आणि म्हणाला, ताई, कापड असन तर द्या, मास्क शिवून देतो, पैसे मागून द्या. त्याने काम मागितलं, पैसे मागितले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. आम्ही मास्क शिवले, मी कापड देत होती आणि नगाला चार रुपये, काही लोकांचं घर त्याच्यावर चाललं, सगळ्यांचं नाही चाललं. शाळा तर पुढचं पूर्ण वर्ष धड उघडल्याच नाहीत. २०२२ ला जेव्हा खरा सीझन परत आला तेव्हा अकरापैकी चारच लोक परत आले. एक ई-रिक्षा चालवून राहिला होता, एकाने भाजीचा ठेला टाकला, दोघं गावी गेले ते गेलेच. मी नऊ वर्षं जी टीम आहे असं समजून होती ती टीम नव्हतीच, कारण त्यांना धरून ठेवेल असं मी काही बांधलंच नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एका लेबर कन्सल्टंटने ऑफिस घेतलं. बोलका माणूस, चहाला खाली यायचे. एकदा मी त्यांना सहज माझी पद्धत सांगितली, अकराचा नियम वगैरे, तर ते हसायचे थांबले आणि म्हणाले, ताई, तुमची केस तर सुप्रीम कोर्टात होऊन गेली आहे, आणि तीही नागपूरचीच. मला वाटलं मस्करी करून राहिले. पण त्यांनी खरंच प्रिंट काढून दिला. १९६१ सालच्या रिपोर्टातला निकाल, नागपूरच्या एका बिडी कारखान्याचा. तिथे कारागीर कारखान्यात येऊन बिड्या वळायचे, घरी नेऊन वळायची मुभा नव्हती, हजेरी लागायची, येण्याजाण्याची पक्की वेळ नव्हती, पण दुपारनंतर कोणी आलं तर त्याला तंबाखू मिळायचा नाही, म्हणजे त्याचा दिवस गेला. मजुरी नगावर. कोणी डोक्यावर उभं राहून बघायचं नाही, पण संध्याकाळी नीट न वळलेल्या बिड्या नाकारायचा हक्क मालकाकडे. या लोकांनी फॅक्टरी अ‍ॅक्टखाली रजेचा पगार मागितला, मालकाची बाजू म्हणाली हे आमचे कामगारच नाहीत, नगावरचे आहेत, येतात-जातात त्यांच्या मर्जीने. कोर्ट म्हणालं, कामगारच आहेत.

दुपारनंतर तंबाखू नाही. अकरानंतर बंडल नाही. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली होती.

त्यांनी लगेच हेही सांगितलं की निकाल नेहमी एकाच बाजूने लागत नाही. पुढच्याच वर्षीच्या, १९६२ च्या रिपोर्टात, सिन्नरच्या बिडी कामगाराच्या बाबतीत त्याच सुप्रीम कोर्टाने बहुमताने उलटं सांगितलं, कारण तिथे कामगारावर येण्याचं बंधन नव्हतं, कधीही यावं, कधीही उठून जावं, किती वळायच्या तेही त्याचं त्याने ठरवावं. म्हणजे धंदा तोच, माल तोच, आणि फरक पडला तो माणसाच्या वेळेवर कोणाचा हात आहे याने. आणि मग १९७३ ची आंध्र प्रदेशातली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसची केस, ही तर पूर्ण आमच्याच लाइनची. टेलर नगावर, काही जण कापड घरी पण न्यायचे, दुसऱ्यांचं कामही करू शकायचे, तरीसुद्धा कोर्टाने त्यांना दुकानाचे नोकर धरलं, कारण मशीन दुकानाच्या, आणि काम पसंत नाही पडलं तर परत शिवायला लावायचा हक्क मालकाकडे. मी तोपर्यंत समजत होती की नगावर पैसे दिले की माणूस ठेकेदार झाला. तसं काहीच नाही. नगावर देणं ही फक्त पैसे मोजायची पद्धत आहे. कागदावर ठेकेदार लिहिलं, अगदी स्टॅम्प पेपरवर सही घेतली, तरी वागणूक नोकराची असेल तर तो नोकरच. आणि नगावर असला तरी किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

बिडीची केस मला एवढी लागली त्याचं आणखी एक कारण आहे, आमची आजी. आईची आई, कामठीला राहायची, आणि मला आठवते तेव्हापासून तिच्या मांडीवर सूप. सुपात तेंदूपत्ता, तंबाखू, बाजूला धाग्याची गुंडी. दुपारी आम्ही पोरं तिच्या आजूबाजूला खेळायचो आणि तिची बोटं चालू असायची, न बघता. हजारावर मजुरी. संध्याकाळी ती बिड्या घेऊन ठेकेदाराकडे जायची, आणि तो त्यातल्या छाट म्हणून बाजूला काढायचा, छाटीचे पैसे नाहीत, पण छाट परतही मिळायची नाही. ती एकदा आईला म्हणत होती, माया बिडीत खोट नसते, त्याच्या मोजण्यात असते. घरी बसून वळते म्हणून तिला कोणी कामगार म्हणायचं नाही, ती स्वतःही म्हणायची नाही, मी कुठी कामाले जाते, घरीच तर असते. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा आला त्यात घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार धरलं गेलं, ही गोष्ट मला त्या कन्सल्टंटकडून समजली. आजीकडे बिडी कामगाराचं एक कार्ड होतं, ती ते पत्र्याच्या डब्यात रेशन कार्डासोबत ठेवायची, फार जपून. ते कार्ड तिच्यासाठी काय होतं हे मला चाळिशीनंतर समजलं, आणि तोपर्यंत मी त्या ठेकेदाराच्या जागी बसलेली.

आता पैशाचं सांगते, कारण भाच्याला तेच विचारायचं होतं. समजा १५,००० पगाराचा माणूस. पीएफ लागू असेल तर मालकाचा हिस्सा १२ टक्के, वरचे चार्जेस धरून साधारण १३, म्हणजे १,९५०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याचे ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, पूर्ण पगारावर धरला तर महिन्याला १,२५० बाजूला ठेवावे लागतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना द्यायची रक्कम, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, ती महिन्याला ७२० च्या आसपास. म्हणजे १५,००० चा माणूस तुम्हाला १९,४०० ला पडतो, आणि त्यात आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी, आजारपण वेगळं. हा आकडा बघून सगळे घाबरतात आणि ठेका ठेका करतात. पण मी २०१९ चा हिशोब नंतर काढून बघितला. तीन लोक निघून गेल्यावर मी बाहेरून दीडपट भावाने शिवून घेतलं, त्यातले नव्वद शर्ट कॉलर वाकडी म्हणून शाळेने परत केले, एका शाळेची ऑर्डर पुढच्या वर्षी दुसरीकडे गेली ती आजपर्यंत परत आली नाही. नवीन कारागिराचा हात आपल्या पॅटर्नवर बसायला महिना जातो, तोवर कापड वाया, धागा वाया, कटिंग मास्टरचा वेळ वाया. हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ठेका स्वस्त दिसतो.

आणि एक घाणेरडी सवय आपल्याकडे आहे ती स्पष्ट लिहिते. आकड्याचा खेळ. ग्रॅच्युइटी १० माणसांपासून, ईएसआय १० पासून, पीएफ आणि बोनस २० पासून. म्हणून सगळे नऊवर थांबतात नाहीतर एकोणीसवर, बाकीच्यांची नावं वहीतच नाहीत, किंवा बायकोच्या नावाने दुसरी फर्म. मी तेच केलं होतं, कागदावर तीन, गाळ्यात चौदा. लोकांना वाटतं मधात ठेकेदार घातला की आकडा कमी होतो, पण पीएफमध्ये ठेकेदारामार्फत आलेला माणूसही तुमच्याच आकड्यात मोजतात, आणि ठेकेदाराने भरला नाही तर वसुली तुमच्याकडे येते. शिवाय एकदा ईएसआय किंवा ग्रॅच्युइटी लागू झाली की पुढच्या वर्षी माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे नवे कामगार कायदे, ते चार लेबर कोड, लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे, आणि ठराविक मुदतीवर घेतलेल्या माणसालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायचं नाही. आमच्यासारख्या सीझनच्या धंद्याला ही मुदतीची नोकरी फार कामाची गोष्ट आहे, पण आमच्या लाइनमध्ये कोणी वापरतच नाही, कारण कोणी सांगतच नाही.

मी २०२२ पासून हळूहळू बदललं, एका दिवसात नाही झालं, तेवढे पैसेही नव्हते. आधी जे चार जण परत आले होते त्यांना विचारलं. दोघं लगेच हो म्हणाले. एक म्हणाला, ताई, मले पगार नोको, सीझनमदी मी दिवसाले वीस शर्ट काढतो, पस्तीसच्या भावानं सातशे होते, तुमी पगार देसान पंधरा हजार, मंग माह्या हाताची किंमत काय राह्यली. त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून आम्ही असं बसवलं की पक्का पगार आणि ठरलेल्या नगांच्या वर जे काढशील त्याचे नगाने वेगळे. यावर तो तयार झाला. सीझनसाठी सहा लोक मार्च ते जुलै मुदतीच्या पत्रावर, तारीख लिहिलेली, सुट्टी लिहिलेली. अकराचा नियम अजूनही आहे, पण आता तो नोकरीचा नियम आहे आणि त्याच्या बदल्यात मी काहीतरी देते. उचल बंद केली नाही, पण पगारातून महिन्याला किती कापायचे ते आधीच लिहून घेते आणि सोडून जायचं असेल तर उचलीसाठी अडवत नाही.

खरे ठेकेदारही आहेत माझ्याकडे, आणि त्यांना मी नोकर करायला कधीच जाणार नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. काज-बटनवाला भाऊ, त्याची स्वतःची मशीन, स्वतःचं दुकान, माझ्यासारखी त्याच्याकडे पंधरा गिऱ्हाइकं, मी लॉट पाठवते, तो त्याच्या वेळेने करून देतो, दोन पोरं त्याने स्वतः ठेवलीत, आणि खराब झालं तर त्याच्या खिशातून जातं. भाव त्याने सांगितलेला असतो, मी घासाघीस करते. एम्ब्रॉयडरीवाला तसाच. मशीन मेकॅनिक, टेम्पोवाला, सीए, सगळे तसेच. माणूस दुसऱ्याला पाठवू शकतो का, नाही म्हणू शकतो का, भाव स्वतः सांगतो का, फायदा-तोटा त्याचा आहे का, हत्यार कोणाचं आहे, हे मी आता मनात विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं. काज-बटनवाल्याच्या बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापायचा असेल तर कापते, एकावेळी तीस हजारांच्या वर किंवा वर्षाला लाखाच्या वर गेलं की तो विषय येतो, ते सीए बघतात.

एकच जागा आहे जिथे मला अजून सुचलेलं नाही, ती म्हणजे घरी शिवणाऱ्या बायका. मानेवाड्याकडच्याच पाच जणी आहेत, घरी स्वतःच्या मशीन, मी कापलेले पेटीकोट आणि फ्रॉक नेतात, चार दिवसांनी आणून देतात. गाळ्यावर या, पगार देते म्हटलं तर येत नाहीत, पोरं शाळेतून येतात, सासू आजारी, दुपारी पाणी येतं नळाला. त्यांना वेळ त्यांचा पाहिजे आणि तो त्यांचाच आहे, मी कधी बसलात हे विचारत नाही. मशीन त्यांची, वेळ त्यांची, नाही म्हणायची मुभा आहे आणि त्या म्हणतातही, लग्नसराईत तर सरळ सांगतात, ताई या हप्त्यात नाही जमत. पण कापड माझं, भाव मी ठरवलेला, आणि त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. त्या फ्रॉकची घडी उलगडून शिलाई बघताना दर वेळी मला आजीची छाट आठवते. आतापर्यंत मी एवढंच करू शकली की खराब निघालेला नग पैसे न कापता परत दुरुस्तीला देते, भाव गाळ्यावरच्या नगाच्या भावाइतकाच ठेवला, आणि काम नसेल त्याचं आठ दिवस आधी सांगते. हे पुरेसं आहे असं मला वाटत नाही.

तर भाच्या, तुझं. तू ज्यांना फ्रीलान्सर म्हणून राहिला ती तिघं पोरं रोज दहाला ऑफिसात येतात, लॅपटॉप तुझा, सातच्या आधी निघाली तर तू फोन करतो, दुसऱ्याचं काम घेतलं तर तुला चालत नाही, हे तूच जेवताना सांगितलं. तू त्यांच्या पैशातून १० टक्के टीडीएस कापतो आणि कन्सल्टंट म्हणतो, त्याने ते कन्सल्टंट होत नाहीत. त्यांना पत्र दे, पगार दे, सुट्टी दे, प्रोफेशनल टॅक्स कापून भर. तीनच माणसं आहेत, पीएफ-ईएसआय तुला आज लागूही नाही, मग घाबरतो कशाला. आणि ती मुलगी जी पुण्याहून लोगो करून पाठवते, स्वतःचा रेट सांगते, चार ऑफिसांचं काम करते, ती खरी फ्रीलान्सर आहे, तिला बांधायला जाऊ नको. पण तिच्याशी एक गोष्ट लिहून घे. पगारावरच्या माणसाने नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो, बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा साधारणपणे त्याचाच राहतो, लेखी करून दिला तरच तुझा. त्यातही किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. वेबसाइटचा कोड, डिझाइन, मजकूर, सगळ्याला हे लागू. तुझ्या क्लायंटला तू जे विकून राहिला ते तुझं आहे का हे आधी बघ. यात तिलाही नीट पैसे दे, हक्क घेतो म्हटलं तर त्याची किंमत वेगळी.

२०१९ ला जो गेला होता दोन रुपयांसाठी, तो मागच्या महिन्यात आला. सात वर्षांनी. चष्मा लागला आहे जाड, सुईत धागा ओवायला बायकोला हाक मारावी लागते म्हणाला, वीस शर्टांवरून अकरा-बारावर आला, आणि नगावर काम करणाऱ्याचे शर्ट कमी झाले की कमाई तेवढीच कमी होते, वयाचा काही भत्ता नसतो. बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, ताई, आता पगारावर घ्या. मी त्याला शिलाईवर नाही घेतलं, चेकिंग आणि बंडलिंगवर घेतलं, त्याच्याइतकं शिलाईतलं कोणाला कळत नाही. पत्र वाचायला दिलं तर हातभर लांब धरून वाचलं, आणि ईएसआयच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, त्या सोमवारी पेठेतल्या ईएसआयच्या दवाखान्यात डोळेबी दाखवता येतीन का. म्हटलं, नंबर आला की तुमचा आणि वहिनींचा दोघांचा दाखवा. सोमवारपासून येतो म्हणाला, सातला.